डीडीटीसाठी नोबेल मिळालं, मग त्याच डीडीटीवर बंदी का आली?

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूकडे कपाशीवर फवारायच्या कीटकनाशकाला शेतकरी औषधच म्हणतात. कृषी केंद्रातून बाटली आणायची, पाण्यात मिसळायची, पंप पाठीवर घ्यायचा. पण या औषधाला एकदा सरकारी परवानगी मिळाली की ती कायमची असते का? असावी का? हे समजून घ्यायला पॉल म्युलर यांची गोष्ट कामाची आहे.

म्युलर यांचा जन्म १८९९ चा, स्वित्झर्लंडमधल्या ओल्टेनचा. शाळा मध्येच सोडून ते प्रयोगशाळेत मदतनीस झाले, मग पुन्हा शिकायला लागले. १९२५ मध्ये डॉक्टरेट घेऊन बासेलच्या गायगी कंपनीत रुजू झाले.

१९३५ च्या सुमारास त्यांनी कीटकनाशकाचा शोध सुरू केला. अटी कडक होत्या. किड्याला नुसता स्पर्श झाला तरी तो मरावा, माणसाला आणि पिकाला त्रास नको, किंमत कमी हवी आणि एकदा मारलेलं औषध खूप दिवस टिकावं. ही शेवटची अट लक्षात ठेवा.

शेकडो रसायनं फेल गेली. १९३९ मध्ये डीडीटी हाती लागलं. खरं तर ते १८७४ मध्येच एका केमिस्टने बनवलं होतं, पण त्याने किडे मरतात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. म्युलर यांच्या पिंजऱ्यातल्या माशा मेल्या. पिंजरा धुऊन नव्या माशा सोडल्या, त्याही मेल्या.

दुसऱ्या महायुद्धात डीडीटीने टायफसची साथ आवरली. १९४८ मध्ये म्युलर यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही डॉक्टर नसताना. भारतात १९५३ च्या मलेरिया कार्यक्रमात घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारलं गेलं. पुढे रायगडमधल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यातही ते बनू लागलं.

आणि मग तीच शेवटची अट उलटली. टिकणारं औषध माती, मासे, पक्षी असं करत साठत गेलं. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांच्या पुस्तकाने हे जगासमोर आणलं. १९६५ मध्ये म्युलर गेले. अमेरिकेतली १९७२ ची बंदी काही त्यांनी पाहिली नाही. भारतात शेतीतला वापर थांबायला १९८९ उजाडलं, रोगनियंत्रणासाठीची मुभा मात्र राहिली.

यात म्युलर यांना दोष देणं सोपं आहे, पण बरोबर नाही. १९३९ मध्ये जे तपासता येत होतं, ते त्यांनी तपासलं. पुन्हा तपासायचं काम नंतरच्यांचं होतं.

युरोपीय संघात आता हे कायद्यातच आहे. कीटकनाशकातल्या मूळ रसायनाला पहिली मंजुरी साधारण १० वर्षांची. मुदत संपत आली की कंपनीने नव्याने पुरावे द्यायचे, तेव्हा नूतनीकरण, तेही जास्तीत जास्त १५ वर्षांचं. भारताच्या १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात नोंदणी अशी आपोआप संपत नाही. बंदी घालायला सरकारलाच पाऊल उचलावं लागतं.

असं एक पाऊल २०१३ मध्ये पडलं. इतर देशांत बंद झालेली, पण इथे विकली जाणारी ६६ कीटकनाशकं तपासायला डॉ. अनुपम वर्मा समिती नेमली गेली. २०१८ मध्ये १८ रसायनांवर बंदीचा आदेश निघाला. त्यातल्या फोरेट आणि ट्रायझोफॉस या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या औषधांना ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची मुदत मिळाली होती.