नाताळच्या दिवशी सोडलेले घर

‘ट्रेझर आयलंड’ आणि ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ या दोन पुस्तकांमुळे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे नाव आपल्याकडे शाळकरी वयातच कानावर पडते. बेट, खजिना, एका पायाचा दर्यावर्दी आणि त्याच्या खांद्यावरचा पोपट एवढे कुणीही सांगेल. हे सारे लिहिणारा माणूस मात्र आयुष्याचा मोठा भाग अंथरुणात उशांना टेकून बसला होता. खराखुरा बेटांचा समुद्र त्याने पाहिला तो सदतिसाव्या वर्षी, आणि तोही थोडे दिवस जगावे म्हणून. त्या सफरीत १८८८ च्या नाताळाआधीचे दोन महिने त्याने ताहिती बेटावरच्या तौतिरा नावाच्या खेड्यात काढले. भरल्या घरचा हा मुलगा तिथे अक्षरशः दुसऱ्याच्या ताटातले जेवला. त्याच्या चरित्रात हे प्रकरण बहुधा पाच-सहा पानांत उरकले जाते, पण पुढचा स्टीव्हन्सन घडला तो याच दोन महिन्यांत असे माझे मत आहे.

त्याचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० चा, एडिंबरोचा. घराणे दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनिअरांचे. आजोबांनी समुद्रातल्या बेल रॉक खडकावर दीपगृह उभे केले होते. वडील थॉमस यांचाही तोच व्यवसाय. एकुलत्या एका मुलाने तोच कित्ता गिरवावा ही वडिलांची साहजिक इच्छा. मुलगा इंजिनिअरिंग सोडून वकिलीकडे गेला, सनद घेतली आणि वकिलीही केली नाही. लहानपणापासून छाती नाजूक. स्कॉटलंडचा हिवाळा आला की खोकला, ताप आणि रात्रभर जागणारी दाई, हे ठरलेले. थोडक्यात, हा माणूस पहिल्यापासून दुसऱ्यांच्या सेवेवर जगला. त्याची त्याला जाणीव होती, आणि ती टोचतही असे.

त्याचा एक नाताळ आधी सांगायला हवा. फ्रान्समध्ये भेटलेल्या फॅनी ऑसबर्न या अमेरिकन बाईच्या तो प्रेमात पडला. ती त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, विवाहित, मुलांची आई. तिच्यासाठी १८७९ मध्ये घरी न सांगता तो अमेरिकेला निघाला आणि डिसेंबरच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत एक खोली घेऊन राहिला. घटस्फोट झाला होता, लग्न व्हायचे होते, वडील रागावलेले, खिसा रिकामा. त्या नाताळात घरमालक, घरमालकीण आणि खानावळीतले वेटर यांच्याखेरीज चार दिवस तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. थोड्याच दिवसांत पन्नास सेंटचे जेवण सोडून तो पंचवीस सेंटच्या जेवणावर आला. पुढे वडिलांचा राग निवळला, १८८० च्या मे महिन्यात लग्न झाले. पण तो नाताळ त्याच्या अंगात मुरला असावा.

मग नाव झाले. ‘जेकिल अँड हाइड’ हे खरे तर नाताळच्या बाजारासाठी लिहिलेले स्वस्त भयकथेचे पुस्तक. छापून झाले तेव्हा दुकाने नाताळच्या मालाने भरून गेली होती, म्हणून ते जानेवारी १८८६ पर्यंत मागे ठेवावे लागले. आणि मग ते हातोहात खपले. पैसा आला, प्रकृती मात्र आली नाही. १८८७ मध्ये वडील वारले. डॉक्टरांनी हवापालट सुचवला, म्हणून आई, बायको आणि सावत्र मुलगा लॉइड यांना घेऊन तो अमेरिकेत आला. तो हिवाळा त्यांनी सॅरानॅक लेक या डोंगराळ गावी काढला. तिथे क्षयरोग्यांना थंड, कोरड्या हवेत ठेवून उपचार करीत. पारा शून्याच्या खूप खाली, आणि हा बायसनच्या केसाळ कातड्याचा कोट घालून लिहीत बसलेला. ‘स्क्रिब्नर्स’ मासिकाशी वर्षाला बारा लेखांचा साडेतीन हजार डॉलर्सचा करार झाला होता. त्यातला शेवटचा लेख नाताळवर होता. तो याच बर्फात लिहिला गेला आणि डिसेंबर १८८८ च्या अंकात आला. अंक वाचकांच्या हाती पडला तेव्हा लेखक कमरेला नुसते कापड गुंडाळून नारळीच्या सावलीत बसला होता!

कारण दरम्यान त्याने एक धाडस केले होते. वडिलांच्या वारशातले दोन हजार पौंड बाजूला काढून त्याने ‘कॅस्को’ नावाचे शिडाचे जहाज भाड्याने घेतले. २८ जून १८८८ ला सॅन फ्रान्सिस्कोहून ते निघाले. जहाजावर लुई, फॅनी, वीस वर्षांचा लॉइड, एक मोलकरीण आणि एकोणसाठ वर्षांच्या सासूबाई! डोक्यावर विधवेची पांढरी कडक टोपी घालून ही स्कॉटिश बाई पॅसिफिक महासागर ओलांडायला निघाली. सुनेला समुद्र लागायचा, सासूला नाही. या प्रवासाची इतकी बारीक हकीकत आज मिळते ती या दोघींनी घरी आणि स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांमुळे.

मार्केसास बेटे झाली, फकारावाचे प्रवाळबेट झाले आणि मंडळी ताहितीची राजधानी पापीते इथे पोचली. तिथे घात झाला. सर्दीचे निमित्त होऊन लुईच्या छातीतून पुन्हा रक्त पडू लागले. पापीतेची दमट हवा सोसेना, म्हणून जहाज बेटाच्या दुसऱ्या अंगाला नेले. तिथून फॅनीने एका चिनी माणसाकडून गाडी-घोडे मिळवले आणि तापाने फणफणलेल्या नवऱ्याला त्यात घालून, ओढे-नाले पार करीत तौतिराला आणले. हे गाव द्वीपकल्पाच्या पार टोकाला, रस्ता संपतो तिथे.

ओळख ना पाळख. पण गावात राजघराण्यातली मोए नावाची स्त्री राहत होती. परका माणूस मरणाच्या दारी आहे असे कळताच ती आली. लिंबू आणि नारळाच्या रसात कालवलेला कच्चा मासा तिने रोग्याला भरवला. (आपल्या कोकणातल्या माणसाला नारळाच्या रसाचे नवल वाटणार नाही, मासा शिजवला नाही एवढेच काय ते!) काही दिवसांत लुई उठून बसला. मग गावचा उपप्रमुख ओरी आ ओरी याने आपले घर या कुटुंबाला राहायला दिले. ओरी सहा फुटांहून उंच, पलटणीतल्या जवानासारखा ताठ, देवभीरू आणि थोडे फ्रेंच बोलणारा. ताहिती तेव्हा फ्रान्सची वसाहत झाली होती, १८८० पासून. गोऱ्यांनी आणलेल्या रोगांनी या बेटांवरची माणसे पिढ्यान् पिढ्या मेली होती. हे लक्षात घेतले म्हणजे एका गोऱ्या रोग्यासाठी घर उघडण्याचा अर्थ कळतो.

अडतिसावा वाढदिवस लुईने इथेच काढला. तो समुद्रात डुंबू लागला, लॉइड तिथल्या पोरांबरोबर हिंडू लागला, सासूबाई रविवारी चर्चमध्ये समजत नसलेल्या भाषेतली भजने ऐकू लागल्या. ओरी आणि लुई यांनी नावांची अदलाबदल केली. ही तिथली रीत. असे करणारे दोघे भाऊ होतात. लुईला तेरीतेरा हे नाव मिळाले आणि ओरी झाला रुई, कारण ताहिती भाषेत ‘ल’ नाही. संध्याकाळी जुन्या कथा चालत. त्यातली राहेरोची कथा ऐकून लुईने पुढे एक दीर्घ काव्य लिहिले. शिवाय सॅरानॅकच्या बर्फात सुरू केलेल्या ‘द मास्टर ऑफ बॅलन्ट्रे’ या स्कॉटलंडच्या कादंबरीची प्रकरणेही इथेच पुढे सरकत होती. मासिकात ती छापायला सुरुवातही झाली होती, म्हणजे हात थांबवून चालणार नव्हते.

जहाजाचे काय झाले ते आईच्या पत्रात आहे. निघायचे ठरले तेव्हा आईने गावातल्या बायकांना ‘कॅस्को’वर मेजवानीला बोलावले. जेवणानंतर एका म्हातारीने प्रार्थना केली, की जहाजात काही खोट असेल तर ती वेळीच उघड होऊ दे. कॅप्टन ओटिसला हा अपशकुन रुचला नाही. पाहुण्या गेल्यावर मात्र त्याने डोलकाठ्या तपासल्या, तर लाकूड आतून कुजलेले! भर समुद्रात वादळ गाठते तर एकही जण वाचता ना. देवाने ऐकले म्हणा किंवा म्हातारीच्या म्हणण्याने कॅप्टनच्या मनात शंका भरली म्हणा, जहाज दुरुस्तीसाठी पापीतेला गेले आणि घरमंडळी किनाऱ्यावर राहिली.

पंधरवड्याचे काम लांबत गेले. विषुववृत्ताच्या दक्षिणेला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, आणि ताहितीत पावसाळाही. उकाडा, मुसळधार पाऊस, तुंबलेल्या नद्या. बातमी येण्याची वाट बंद. जवळचे पैसे संपले, मग शिधा संपला. ही गोष्ट लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण खेड्यात चूल लपत नाही. ओरी येऊन समोर बसला. तू माझा भाऊ आहेस, तुमचे अन्न संपले आहे हे मला ठाऊक आहे, मासे आणि अळूचे कंद आमच्याकडे पुष्कळ आहेत, जहाज येईपर्यंत आनंदाने राहा, अशा आशयाचे तो बोलला. लुईने दोन्ही हातांत तोंड लपवले आणि तो रडला.

हा रडण्याचा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. इतकी वर्षे त्याला सांभाळले ते वडिलांनी, आईने, बायकोने. तिथे नाते होते, आणि नात्याबरोबर येणारा हिशेबही होता. इथे कसलाच हिशेब नव्हता. जो प्रसिद्ध लेखक म्हणून इंग्लंड-अमेरिकेत त्याचे नाव गाजत होते, त्याचे एक अक्षरही ओरीने वाचलेले नव्हते.

शब्द देऊनच ओरी थांबला नाही. जहाजाचा शोध घ्यायला खवळलेल्या समुद्रात माणसांसह होडी घेऊन तो पापीतेला गेला. ठरल्या दिवशी परतला नाही तेव्हा घरातल्यांच्या जिवाची घालमेल झाली. अखेर तो आला. पत्रे, शिधा आणि शॅम्पेनही घेऊन. शॅम्पेन चाखून तो खूश झाला. हे तर सरदारांचे पेय, आता आपण रोज हेच पिणार, असे त्याने जाहीर केले. मग सहज एका बाटलीची किंमत विचारली. आकडा ऐकताच त्याने भरलेला पेला गंभीरपणे खाली ठेवला. इतके महाग मद्य राजानेसुद्धा पिऊ नये, असा त्याचा निवाडा! त्या धक्क्यातून सावरायला त्याला काही दिवस लागले, असे फॅनीने लिहून ठेवले आहे.

जहाज दुरुस्त होऊन आले आणि ऐन नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १८८८ ला, ‘कॅस्को’ने तौतिरा सोडले. सणाच्या दिवशी घरी परतायचे असते. ही मंडळी घर सोडून निघाली होती. दोन्हीकडची माणसे रडत होती. पुढचा होनोलुलूपर्यंतचा प्रवास महिनाभर चालला, कधी वारा पडे, कधी वादळ. अन्नाचीही टंचाई झाली. होनोलुलूत ओरीचे पत्र मिळाले. जहाज दिसेनासे होईपर्यंत आपण कसे पाहत राहिलो आणि रिकाम्या घरात झोप कशी येईना, एवढेच त्यात होते. सर वॉल्टर स्कॉटची एखादी कादंबरी आपल्या हातून लिहून व्हावी यापेक्षा हे पत्र आपल्याला यावे हे स्टीव्हन्सनला अधिक मोलाचे वाटले. स्कॉट त्याचे दैवत होते, हे ध्यानात घ्या. राहेरोचे काव्य १८९० मध्ये पुस्तकात आले ते ओरीला अर्पण होऊन.

पुढचे आयुष्य पुष्कळांना ठाऊक आहे. १८८९ च्या डिसेंबरात तो सामोआला पोचला आणि अपिया गावामागच्या डोंगरउतारावर तीनशेहून अधिक एकर जमीन घेऊन त्याने व्हायलिमा हे घर बांधले. जन्मभराचा पाहुणा यजमान झाला. अर्थात हा यजमान जमीनदारही होता, हाताखाली सामोअन नोकरांचा मोठा ताफा होता. ओरीसारखी निरपेक्ष वागणूक त्याला कितपत साधली याबद्दल दोन मते होऊ शकतात. पण प्रयत्न होता. १८९३ च्या यादवीत हरलेल्या पक्षाचे सरदार अपियाच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना अन्न, तंबाखू, औषधपाणी पुरवणारा गोरा हाच. वर्ष संपता संपता त्या कैद्यांनी तुरुंगातच त्याच्या कुटुंबाला मेजवानी दिली. सुटल्यावर, १८९४ मध्ये, त्यांनी आपण होऊन व्हायलिमापर्यंतचा रस्ता बांधून दिला. मोबदला घेणार नाही ही त्यांचीच अट.

नाताळशी त्याचा आणखी एक गमतीचा संबंध आहे. सामोआत ओळख झालेल्या हेन्री आइड या अमेरिकन गृहस्थांची मुलगी नाताळच्याच दिवशी जन्मली होती. त्यामुळे तिला वेगळा वाढदिवस असा मिळत नसे. स्टीव्हन्सन वकिलीची सनद बाळगून होता ती इथे कामी आली. १८९१ मध्ये रीतसर दस्तऐवज करून त्याने १३ नोव्हेंबर हा आपला वाढदिवस तिला देऊन टाकला.

३ डिसेंबर १८९४ च्या संध्याकाळी, बायकोला स्वयंपाकात मदत करता करता मेंदूत रक्तस्राव होऊन तो कोसळला आणि त्याच रात्री गेला. वय चव्वेचाळीस. सामोअन लोकांनी व्हाया डोंगराच्या माथ्यापर्यंत जंगल तोडून वाट केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावरून वर नेले. नाताळला तीन आठवडे होते.

तौतिराला तो पुन्हा कधी गेला नाही. मात्र त्याच्या आईने त्या खेड्यातल्या चर्चसाठी प्रभुभोजनाची चांदीची भांडी स्कॉटलंडहून पाठवून दिली.