आडनाव वकील, केस बीपीची!

हिवरे बाजारमधलं घर घ्या नाहीतर नगरमधला फ्लॅट, सकाळी आठवणीने बीपीची गोळी घेणारं कुणीतरी भेटतंच. पण या गोळीच्या गोष्टीत आपल्या मुंबईचा एक डॉक्टर आहे, हे माहितीये?

डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म १९११, पारशी कुटुंबातला. लंडनला शिकून ते मुंबईत परतले आणि केईएममध्ये हृदयरोगाचे पेशंट तपासू लागले. तेव्हा बीपीवर धड औषधच नव्हतं. १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचं बीपी ३०० च्या वर होतं!

आपल्याकडे वैद्य सर्पगंधेची मुळी पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिलंही होतं, पण जगाने लक्ष दिलं नाही. वकिलांनी ५० पेशंटना ती देऊन बीपीच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. मग मात्र जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. काही पेशंटना रेसरपिनने उदास वाटायचं, म्हणून नंतर दुसरी औषधं पुढे आली. पण बीपी गोळीने आटोक्यात येतं, हा विश्वास त्या मुळीने दिला.

वकिलांचे बरेच पेशंट 'कारण सापडत नाही' या गटातले होते. हे कारण आनुवंशिक आहे का, यावर तेव्हा इंग्लंडमध्ये वाद रंगला होता. प्लॅट म्हणत, एकच जनुक; पिकरिंग म्हणत, अनेक. पिकरिंग बरोबर ठरले. आज बीपीशी जोडलेल्या हजाराहून जास्त जागा आपल्या डीएनएमध्ये सापडल्यात. एकेकीचा वाटा अगदी थोडा, पण सगळ्या मिळून हार्ट अटॅकचा धोका वाढवतात.

म्हणजे आई-बाबांना बीपी असेल तर आपलं ठरलेलंच? नाही! मीठ, तंबाखू, वजन, व्यायाम हे आपल्याच हातात आहे.

वकील १९७४ मध्ये गेले. त्यांनी केलं ते साधंच होतं: मोजलं, लिहून ठेवलं. आपणही करू शकतो. बीपी बहुतेकदा काहीच लक्षण दाखवत नाही. म्हणून आज घरी विचारा, कुणाला बीपी आहे, हार्टचा त्रास कुणाला आणि कितव्या वर्षी झाला. आणि एकदा स्वतःचंही बीपी मोजून घ्या. वय वीस असलं तरी!