वचनपितामह हळकट्टी : वारसा पोथ्यांचा, वैराचा नव्हे



कल्याणची कथा आपण सर्वांनी लहानपणीच ऐकली आहे. हरळय्या व मधुवय्या यांच्या मुलामुलीचा विवाह, त्या दोघा शरणांना मिळालेला क्रूर मृत्युदंड, बिज्जळ राजाची हत्या आणि शरणांची पांगापांग. ऐकताना आजही रक्त तापते, आणि नकळत आपले बोट शेजारी राहणाऱ्या एखाद्या जातीकडे वळते. आपल्या मनाचे असे होत असेल, तर आपल्याच धारवाडात जन्मलेल्या एका शरणाचे चरित्र अवश्य आठवावे.

फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी यांचा जन्म २ जुलै १८८० रोजी धारवाड येथे झाला. मुंबईत विज्ञानाची व कायद्याची पदवी घेऊन त्यांनी पुढे विजापुरात वकिली केली. परंतु त्यांना खरा ध्यास लागला तो ताडपत्रांचा. परंपरा सांगते की, चन्नबसवण्णांसह शरण उळवीकडे निघाले तेव्हा वाटेत लढायाही झाल्या. तरी त्यांनी वचनांच्या पोथ्या जिवापाड जपल्या. पुढे कित्येक शतके अशा पोथ्या मठांत व घरोघरी राहिल्या. त्यांची पूजा होई, वाचन क्वचितच होई.

हळकट्टींनी गावोगाव हिंडून या पोथ्या मिळविल्या, उतरवून घेतल्या, ताडून पाहिल्या. १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ ग्रंथाचा पहिला भाग निघाला. छापखान्यासाठी त्यांनी राहते घर विकले व १९२५ साली ‘हितचिंतक’ मुद्रणालय उभारले. १९२६ पासून ‘शिवानुभव’ नियतकालिक सुरू झाले. पूर्वी सुमारे ५० वचनकारांची नावे ठाऊक होती. त्यांच्या शोधाने ही संख्या २०० च्या वर गेली.

आता विचार करा. हा मनुष्य वकील होता. आरोप कसा मांडावा हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. परंतु कल्याणच्या खटल्यात आज आरोपी कोण? बिज्जळामागे वीस वर्षांच्या आतच कलचुरींचे राज्य लयास गेले. जातीवर दोष ठेवावा, तर मधुवय्या जन्माने ब्राह्मण आणि हरळय्या चर्मकार. दोघांनी एकाच दिवशी एकच मरण पत्करले. जातीला आरोपी केले की मधुवय्याही आरोपी ठरतो, आणि ज्या ऐक्यासाठी ते दोघे गेले तेच ऐक्य आपण मोडतो.

हळकट्टींनी आपले आयुष्य वेचले ते वचने सर्वांच्या हाती देण्यासाठी. त्यांच्या नावे विजापुरात चालणाऱ्या संशोधन केंद्राने तर आदिलशाही काळातील फारसी व दखनी ग्रंथांचेही कन्नड अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. १९५६ साली कर्नाटक विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. २९ जून १९६४ रोजी ते लिंगैक्य झाले.

वाचकहो, विसरा असे येथे कोणी म्हणत नाही. मुलांना हरळय्यांची कथा जरूर सांगा. परंतु त्याच बैठकीत मधुवय्यांचीही सांगा, आणि दोघांची नावे एकत्र घ्या. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाचा राग आज शेजाऱ्यावर काढणे हे शरणाचे आचरण नव्हे. पूर्वजांनी जिवापाड जपून आपल्या ओटीत घातली ती वचने. तीच पुढच्या पिढीच्या ओटीत घालू या.

शरणु शरणार्थी.