शाहू महाराज आणि हजेरी

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. १८९४ मध्ये त्यांनी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. चोरी केलेली नसली तरी पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. चोऱ्या होत, हे खरे. पण ज्यांच्यावर रोज पाळत, त्यांचीच नावे दप्तरात जास्त, हेही खरे. महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली, फासेपारध्यांना पहारेकऱ्याची कामे दिली. ६ मे १९२२ रोजी ते गेले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले.

सुरतेत ‘बाहेरचे’ हा शब्द आम्हा मराठी मंडळींनाही झोंबतो. म्हणून आम्ही आकडे लपवू नयेत, आणि ते दुसऱ्या समाजाच्या माथीही मारू नयेत. गुन्हा माणसाच्या खात्यावर लिहावा, जमातीच्या नव्हे.