तबकड्यांचा पंचनामा करणारे हायनेक

स्टीव्हन स्पीलबर्गचा १९७७ चा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ पाहिलाय? त्यातला भारतातला प्रसंग आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला. शेवटी परग्रहावरचं यान उतरतं, तेव्हा गर्दीतून दाढीवाले, पाइप हातात घेतलेले एक गृहस्थ पुढे येऊन बघत राहतात. ते नट नव्हेत. ते खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक. सिनेमाचं नावही त्यांच्याच वर्गीकरणातून घेतलेलं!

हायनेक १ मे १९१० रोजी शिकागोत एका चेक कुटुंबात जन्मले. १९३५ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि मग ओहायो स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. जून १९४७ मध्ये केनेथ अरनॉल्ड या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगात जाताना दिसल्या आणि अमेरिकेत उडत्या तबकड्यांची लाटच आली. ही रशियाची नवी विमानं तर नसतील? हवाई दलाची झोप उडाली. १९४८ मध्ये ओहायोतल्याच राइट-पॅटरसन तळावर अधिकृत चौकशी सुरू झाली. हायनेक तिचे सल्लागार झाले. लोकांनी पाहिलेल्यांतून तारे, ग्रह, उल्का बाजूला काढायच्या, एवढंच त्यांचं काम.

काम सोपं नव्हतं. त्याच वर्षी ७ जानेवारीला कॅप्टन थॉमस मॅन्टेल केंटकीच्या आकाशात एका वस्तूचा पाठलाग करत ऑक्सिजनशिवाय फार उंच गेले आणि विमान कोसळून मरण पावले. सुरुवातीला ती वस्तू म्हणजे शुक्र असं सांगितलं गेलं. पुढे मात्र नौदलाच्या गुप्त ‘स्कायहुक’ बलूनचं स्पष्टीकरण जास्त पटण्याजोगं ठरलं. घाईचं उत्तर किती कच्चं असतं, बघा.

हायनेक सुरुवातीला तबकड्यांची टिंगलच करायचे. पण पोलीस, वैमानिक अशी जबाबदार माणसं साक्ष देत राहिली आणि त्यांच्या मनात खटकू लागलं. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये अनेकांना विचित्र उजेड दिसले. हवाई दलाने हायनेकना पाठवलं. पत्रकार परिषदेत त्यांनी काही उजेड दलदलीतल्या वायूचे असू शकतात, अशी शक्यता मांडली. वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. देशभर हसू झालं आणि ज्यांनी उजेड पाहिला होता, ते चिडले. आपल्याला खुळ्यात काढलं, असं त्यांना वाटलं. मिशिगनचे खासदार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी तर संसदीय सुनावणीची मागणी केली.

१७ डिसेंबर १९६९ रोजी ही चौकशी, म्हणजे तेव्हाचा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’, बंद झाली. एकूण नोंदी १२,६१८. त्यातल्या ७०१ ची ओळख शेवटपर्यंत पटली नाही. हायनेकनी मात्र विषय सोडला नाही. १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं, १९७३ मध्ये अभ्यासकेंद्र काढलं. परग्रहवासीयांचा पुरावा त्यांच्या हाती कधीच लागला नाही. ते जन्मले तेव्हा हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ आला होता आणि २७ एप्रिल १९८६ रोजी गेले, तेव्हाही तो नुकताच येऊन परतत होता.

आता आपल्या मालवणकडे या. खाडीकाठी रात्री हलता उजेड दिसला की, देवचार चूड घेऊन फिरतोय, असं आजी सांगते आणि आपण हसतो. आजीचा देवचार मानू नका हवं तर, पण तिने उजेड पाहिला, हे खोटं कशाला ठरवायचं? तुम्हालाही समुद्रावर काही दिसलं, तर आधी घड्याळ बघा. दिशा, उंची, किती वेळ दिसलं, ते लिहून घ्या. मग पश्चिमेचा शुक्र, मासेमारी बोटींचे दिवे, विमानं, उपग्रहांची माळ हे एकेक तपासून बघा. त्यातलं काहीच जुळलं नाही, तर ओळख पटली नाही, असा सरळ शेरा मारा. हवाई दलाच्या फायलींतही असे ७०१ शेरे आहेत.