अमीर अब्दुल कादिर

धर्मासाठीं शस्त्र उपसणारा पुरुष आणि परधर्मीयांस आश्रय देणारा पुरुष हे दोन निराळेच असावयाचे, असा आपल्याकडे समज आहे. अल्जीरियाच्या अमीर अब्दुल कादिराचें चरित्र या समजास बाध आणणारें असल्यामुळें तें आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

त्याचा जन्म १८०८ सालीं मस्कारा शहराजवळ झाला. बाप मुहियुद्दीन हा कादिरी पंथाचा मोठा पीर. १८३० सालीं फ्रेंचांनीं अल्जियर्स घेतलें, आणि १८३२ मध्यें टोळ्यांनीं या तरुणास आपला अमीर निवडलें. त्यानें जिहाद पुकारला व तो पंधरा वर्षें चालविला. धर्मयुद्धालाही कायदा असतो असें तो मानी; कैद्यांच्या वागणुकीविषयीं त्यानें नियम घालून दिले होते, आणि त्यांस पोसणें अशक्य झालें तेव्हां कित्येकांस सोडूनही दिलें. १८४६ मध्यें मात्र त्याच्या गैरहजेरींत त्याच्याच छावणींत फ्रेंच कैद्यांची कत्तल झाली. त्याचे स्तुतिपाठक हा डाग झांकतात. आम्हांस तें पसंत नाहीं.

पूर्वेकडील मुसलमानी मुलखांत जाऊं देण्याच्या वचनावर डिसेंबर १८४७ मध्यें तो शरण आला. वचन मोडलें गेलें. ज्यांची पत शब्दावर चालते त्या आमच्या व्यापारी वाचकांनीं या सुधारलेल्या राष्ट्राच्या सचोटीचें मोल स्वतःच ठरवावें! फ्रान्सांत पांच वर्षें कैद भोगल्यावर लुई नेपोलियननें त्यास मुक्त केलें, व १८५५ पासून तो दमास्कस येथें राहूं लागला.

तेथें जुलै १८६० मध्यें ख्रिस्ती वस्तीवर जमाव तुटून पडला. घरें जळत होतीं, आणि तुर्की अंमलदार स्वस्थ बसले होते. फ्रेंचांच्या धर्मबांधवांवर सूड उगवावयाचा तर याहून सोयीची वेळ कोणती? परंतु अब्दुल कादिर आपले अल्जीरियन अनुयायी घेऊन गल्लोगल्लीं फिरला. सांपडतील तितक्या ख्रिस्त्यांस त्यानें आपल्या वाड्यांत आणलें, जागा पुरेना तेव्हां किल्ल्यांत पोंचविलें. जमाव दाराशीं आला तेव्हां निरपराध्यांचा वध इस्लामास संमत नाहीं असें त्यानें बजावलें, व लढण्याचीही तयारी दाखविली. हजारों जीव वांचले. त्यांत फ्रेंच वकीलही होता.

त्याची श्रद्धा पातळ झाली होती म्हणून हें घडलें, असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. ज्या शास्त्राच्या आधारें त्यानें तलवार उपसली, त्याच शास्त्राच्या आधारें तो त्या रात्रीं दारांत उभा राहिला.

फ्रान्सनें त्यास उच्च किताब दिला. अमेरिकेहून अब्राहाम लिंकननें पिस्तुलें भेट पाठविलीं. २६ मे १८८३ रोजीं तो दमास्कस येथें वारला. अल्जीरिया १९६२ मध्यें स्वतंत्र झाल्यावर त्याच्या अस्थि मायदेशीं नेण्यांत आल्या.