सुब्बारावांच्या घराची बाजू

संशोधकाने घरदार विसरून काम करावे, याचे आपल्याला मोठे कौतुक. त्या घरात मागे राहिलेल्या माणसांचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे.

१८९५ साली भीमवरम येथे जन्मलेले सुब्बाराव मद्रासला वैद्यकी शिकले आणि १९२३ मध्ये पत्नी शेषगिरी यांना मागे ठेवून बोस्टनला गेले. तेथे रात्री रुग्णालयात हलकीसलकी कामे करून त्यांनी शिक्षण केले. हार्वर्डमध्ये संशोधनाने नाव झाले. कायमची जागा तेवढी मिळाली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि पुढे तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. अवघ्या आठ वर्षांत त्यांच्या देखरेखीखाली फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले, हत्तीरोगावर हेट्राझन आले, ऑरिओमायसिन आले. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या बालकांवर बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी वापरलेले औषधही याच प्रयोगशाळेतले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. पंचवीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नव्हते. महायुद्धामुळे प्रवास दुष्कर झाला होता हे खरे. पण युद्ध काही पंचवीस वर्षे चालले नव्हते. सारा दोष कंपनीच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे, कारण ते तिच्या दारात आले तेव्हा ही ताटातूट सतरा वर्षांची झाली होती.

१९९५ मध्ये टपाल खात्याने सुब्बारावांचे तिकीट काढले. शेषगिरींना पतीचे दर्शन पुन्हा कधीच घडले नाही.